पैसे आले, पण कोणाचे?

घरातली वस्तू अनोळखी माणसाला विकण्याची वेळ आता जवळपास प्रत्येक कुटुंबावर येते. पाच वर्षे वापरलेली स्कूटर, नवा घेतल्यावर पडून राहिलेला मोबाइल, बदलीच्या गावी नेण्यासारखा नसलेला फ्रीज. पूर्वी गिऱ्हाईक ओळखीतून यायचे आणि नोटा मोजून व्हायच्या. आता ते जाहिरातीवरून येते, दोनशे किलोमीटरवरून फोन करते आणि ‘पैसे टाकतो’ म्हणते. त्याचे ‘टाकले’ आणि आपले ‘मिळाले’ यांच्यामधल्या जागेतच बहुतेक फसवणुका घडतात.

एक गोष्ट आधी ठामपणे सांगायला हवी. खासगी विक्रेत्यासाठी खात्यावर थेट जमा झालेले पैसे हे रोख आणि धनादेश या दोहोंपेक्षा सुरक्षित आहेत. फसवणुकीच्या बातम्या वाचून ‘आम्ही फक्त रोखच घेतो’ असे ठरवणारे लोक वाढताहेत. ते एका धोक्यातून सुटून दुसऱ्यात पडतात. रोखीत बनावट नोट निघाली तर बँक ती जप्त करते आणि तिचा मोबदला देत नाही. शिवाय एका व्यवहारात एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे, आणि त्याचा दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. जुनी मोटार रोखीने विकणाऱ्या कितीतरी लोकांना याची कल्पनाच नसते. धनादेशाचे तर सांगायलाच नको. गिऱ्हाईक परस्पर तुमच्या खात्यात धनादेश भरून भरणा-पावतीचा फोटो पाठवते, काही बँकांत ती रक्कम नोंदीत दिसूही लागते, पण उपलब्ध शिल्लक वाढलेली नसते. धनादेश न वटता परत आला की मागे उरते ती परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ची वाट: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे देण्यासाठी समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात तक्रार. वस्तू गेलेली, आणि तारखा सुरू.

थेट जमेची ताकद अशी की एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस किंवा यूपीआयने आलेली रक्कम पाठवणारा आपल्या मर्जीने मागे घेऊ शकत नाही. चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेलेले पैसेसुद्धा बँक एरवी त्या खातेदाराच्या संमतीनेच परत वळवते. म्हणून पैसे एकदा खरोखर जमा झाले की विक्रेता बऱ्याच अंशी सुरक्षित असतो. या ‘बऱ्याच अंशी’मध्येच या लेखाचा मुद्दा आहे. पैसे आले का, हा प्रश्न सगळे विचारायला शिकले आहेत. ते कोणाच्या खात्यातून आले, हा प्रश्न विक्रेता विचारत नाही, आणि बँकव्यवस्थाही त्याला तो सहजपणे विचारू देत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, पण त्यात ढिलाई चालत नाही. पैसे आल्याचा पुरावा एकच: स्वतःच्या फोनवर, स्वतः उघडलेल्या बँकेच्या ॲपमध्ये वाढलेली उपलब्ध शिल्लक. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण हा पुरावा नाही; हुबेहूब तसाच पडदा दाखवून तसाच आवाज काढणारी बनावट ॲपे फिरत आहेत. स्क्रीनशॉट पुरावा नाही. त्यावरचा संदर्भ क्रमांकही पुरावा नाही, मग तो यूपीआय-आयएमपीएसचा १२ आकडी असो, एनईएफटीचा १६ अक्षरी असो की आरटीजीएसचा २२ अक्षरी. तो क्रमांक फार तर व्यवहार सुरू झाल्याचे सांगतो. एसएमएसवरही विसंबू नये. बँकेचा खरा संदेश अक्षरी शीर्षकाने येतो, आणि २०२५पासून त्या शीर्षकाच्या शेवटी सेवेसाठी ‘एस’ किंवा व्यवहारासाठी ‘टी’ असे अक्षर असते. दहा आकडी मोबाइल नंबरवरून ‘तुमच्या खात्यात ४२,००० जमा’ असा संदेश आला तर तो गिऱ्हाइकानेच टंकलेला आहे असे खुशाल समजावे. ज्यांच्याकडे बँकेचे ॲप नाही त्यांनी एटीएममधून मिनी स्टेटमेंट काढावे किंवा पासबुक भरून घ्यावे. गिऱ्हाईक दहा मिनिटे थांबायला तयार नसेल, तर त्याची घाई हीच पुरेशी माहिती आहे.

दुकानदाराच्या गल्ल्याजवळ रक्कम मोठ्याने सांगणारा डबा असतो. घरातून एखादी वस्तू विकणाऱ्याकडे तो नसतो, म्हणून त्याच्यावर हे प्रयोग जास्त होतात.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे की लोक ते न वाचता पुढे जातात, तरीही लष्करी गणवेशातला फोटो पाठवून ‘आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी आहे, मी पाठवलेला कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्याला लोक बळी पडतात. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय, यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय भुगतान निगमने १ ऑक्टोबर २०२५पासून बंद केली. निर्णय उशिरा झाला, पण योग्य झाला. क्यूआर कोडचा सापळा मात्र कायम आहे, आणि ‘पैसे अडकलेत, हे ॲप टाका, मी दाखवतो’ म्हणत आपला पडदा स्वतःकडे घेणाऱ्यांचाही.

कधीकधी गिऱ्हाईक प्रामाणिक असते आणि पैसे खरोखरच मध्ये अडकतात. एनईएफटी दिवसरात्र चालते, पण अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ फेऱ्यांत. फेरी पुरी झाल्यावर दोन तासांत पैसे जमा होतात किंवा परत जातात. सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी पाठवलेली रक्कम दुपारी साडेबाराला दिसली तर त्यात वावगे काही नाही. यूपीआय किंवा आयएमपीएसमध्ये एकाच्या खात्यातून वजा होऊन दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत गेले पाहिजेत, आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने ग्राहकाला १०० रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम आहे. हा नियम गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगता येतो: तुमचे पैसे बुडणार नाहीत, वस्तू मी उद्यापर्यंत दुसऱ्या कोणाला देणार नाही, पण आज हातात देणारही नाही.

रक्कम मोठी असेल तर मार्गाचा विचार आदल्या दिवशीच करावा. यूपीआयवर व्यक्ती-व्यक्तींमध्ये दिवसाला साधारणपणे एक लाखाची मर्यादा असते. आयएमपीएसची पाच लाखांची असली तरी नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या २४ तासांत फार थोडी रक्कम जाऊ देणाऱ्या बँका पुष्कळ आहेत. आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे. साडेचार लाखांची मोटार घ्यायला आलेला माणूस रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये उभा राहून ‘लिमिट लागली’ म्हणतो, आणि मग ‘एक लाख आता घ्या, बाकी उद्या सकाळी, गाडी नेतो’ अशी गळ घालतो. यातला खरा कोण आणि खोटा कोण हे त्या क्षणी कळत नाही, म्हणून ती वेळच येऊ देऊ नये. आदल्या दिवशी खाते क्रमांक आणि आयएफएससी, म्हणजे बँकशाखेचा संकेतांक, द्यावा, खाते जोडून एक रुपया पाठवायला सांगावे. खाते क्रमांक दिल्याने कोणी पैसे काढू शकत नाही. ती भीती अनाठायी आहे. सही केलेला रद्द धनादेश मात्र देऊ नये, आणि कार्डाचा फोटो तर नाहीच.

तो एक रुपया फार मोलाचा आहे, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात मिळते. स्टेटमेंटमध्ये तो ज्या नावाने आला, ते नाव समोर उभ्या असलेल्या माणसाच्या आधार कार्डावर आहे का? गाडी असेल तर हस्तांतराच्या अर्जावर तेच नाव येणार आहे का? नसेल तर थांबावे. ‘मेव्हण्याच्या खात्यातून पाठवतोय’, ‘ऑफिसच्या अकाउंटवरून येतील’, ‘पार्टनर टाकतोय’ ही वाक्ये नेहमीच्या बोलण्यातली वाटतात, आणि पुष्कळदा खरीही असतात. पण चोरीचा पैसा वस्तूत बदलण्याची वाटही नेमकी हीच आहे.

ती कशी चालते ते नीट समजून घ्यावे. चोर तुमचा ८०,००० रुपयांचा मोबाइल किंवा सोन्याचे नाणे पसंत करतो. त्याच वेळी तो दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी वीजबिलाची धमकी देऊन किंवा नोकरीचे आमिष दाखवून ८०,००० रुपये ‘या खात्यावर’ भरायला लावतो. ते खाते तुमचे असते. तुमच्या ॲपमध्ये खरे पैसे दिसतात, शिल्लक खरोखर वाढलेली असते, तुम्ही सगळी काळजी घेतलेली असते. वस्तू घेऊन चोर निघून जातो. संध्याकाळी तो दुसरा माणूस सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करतो, आणि त्याच्या तक्रारीत आरोपीचे खाते म्हणून तुमचा क्रमांक लागतो.

जास्त पैसे पाठवून फरक परत मागणे हा याच युक्तीचा छोटा प्रकार. ‘२०,०००ऐवजी चुकून ५०,००० गेले, ३०,००० या नंबरवर परत टाका.’ ५०,००० खरोखर आलेले असतील, तर ते कोणाचे हे ठाऊक नसताना ३०,००० तिसऱ्याच खात्यावर पाठवणारा विक्रेता स्वतःच साखळीतली कडी बनतो. अशा वेळी स्वतः काही परत करू नये. बँकेला लेखी कळवावे आणि रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात बँकेमार्फत परत वळवून घ्यावी.

गाड्यांच्या व्यवहारात आणखी एक प्रकार दिसतो, आणि त्यात विक्रेत्याच्या खात्याला हातही लागत नाही. भामटा तुमचीच जाहिरात उतरवून, किंमत कमी करून स्वतःच्या नावाने टाकतो. खरा गिऱ्हाईक त्याच्याकडे जातो. तुम्हाला भामटा सांगतो, ‘माझा भाऊ गाडी बघायला येतोय, त्याच्याशी किमतीचे बोलू नका.’ गिऱ्हाइकाला सांगतो, ‘मालक माझे काका आहेत, त्यांच्यासमोर किमतीचा विषय काढू नका.’ गिऱ्हाईक खरी गाडी, खरे आरसी बुक आणि खरा मालक पाहते आणि पैसे भामट्याच्या खात्यावर टाकते. मग दोन प्रामाणिक माणसे एकाच गाडीभोवती भांडत उभी राहतात. ‘किमतीचे बोलू नका’ हे शब्द कानावर पडले की समोरच्याला तिथेच विचारावे: तुम्हाला किंमत किती सांगितली, आणि पैसे कोणत्या नावावर देणार आहात?

आता सार्वजनिक प्रश्नाकडे. १९३० ही हेल्पलाइन आणि तिच्यामागची बँका व पोलीस यांना जोडणारी यंत्रणा २०२१पासून उभी राहिली, आणि तिची गरज होती. चोरीचा पैसा काही मिनिटांत पाच-सात खात्यांतून पुढे सरकतो. ताबडतोब रोखला नाही तर निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी परत मिळत नाही. त्यामुळे तक्रार येताच रक्कम रोखावी याबद्दल दुमत नाही. तक्रार आहे ती रोखण्याच्या पद्धतीबद्दल. वादातली रक्कम ८०,००० असताना संपूर्ण खाते गोठते. पगार त्याच खात्यात येतो, घरकर्जाचा हप्ता त्यातूनच जातो, मुलाची फीही त्यातूनच. शाखेत विचारले तर ‘सायबरचा होल्ड आहे, तिथे संपर्क करा’ एवढेच उत्तर मिळते, आणि ‘तिथे’ म्हणजे कधीकधी दुसऱ्या राज्यातले पोलीस ठाणे. सांगली जिल्ह्यातल्या माणसाने जुना मोबाइल विकल्याचा खुलासा करायला दीड हजार किलोमीटर जावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

मालमत्ता ताब्यात घेण्याचा पोलिसांचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२मध्ये होता. १ जुलै २०२४पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६मध्ये आहे. असे केल्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारीही त्याच कलमात आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३मध्ये बँकांना सांगितले की गोठवणे हे पोलिसांनी नमूद केलेल्या रकमेपुरतेच ठेवावे. शहाणपणाचा हा निकष प्रत्येक राज्यातल्या प्रत्येक खातेदाराला न्यायालयात न जाता मिळायला हवा. खाते रोखल्याच्या दिवशीच बँकेने तक्रार क्रमांक, पोलीस ठाणे आणि वादातली रक्कम लेखी कळवणे बंधनकारक करावे. उरलेल्या शिलकीला हात लावू नये. ठरावीक मुदतीत न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आला नाही, तर होल्ड आपोआप उठावा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला निदान आरोप काय आहे ते कळावे, एवढीच ही मागणी आहे.

याच्याही आधीची मागणी नावाची आहे. पैसे पाठवणाऱ्याला घेणाऱ्याचे बँकेतले नाव दिसावे यासाठी गेल्या काही काळात चांगले काम झाले. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी ही सोय १ एप्रिल २०२५पर्यंत द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले; यूपीआय ॲपांनी घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नावच दाखवावे असा भुगतान निगमचा नियम ३० जून २०२५पासून लागू झाला. मग घेणाऱ्याला पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव तितक्याच स्पष्टपणे का दिसू नये? आज जमेच्या एसएमएसमध्ये बऱ्याचदा नुसता यूपीआय आयडी किंवा संदर्भ क्रमांक असतो, आणि स्टेटमेंटमधले नाव जागा संपली म्हणून मध्येच तुटलेले असते. बँकेकडे ते नाव असते. खातेदाराला ते वाचता येईल असे छापायचे आहे, इतकेच. येणारी रक्कम नाकारण्याची सोय खातेदाराला नाही. निदान ‘ही रक्कम मला अनोळखी आहे, बाजूला ठेवा’ असे कळवण्यासाठी ॲपमध्ये एक बटण असावे, आणि ते दाबणाऱ्याचे खाते पुढे तक्रार आली तरी संशयिताचे म्हणून धरले जाऊ नये.

जबाबदारीची वाटणीही तपासायला हवी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या नियमांनी, ग्राहकाच्या नकळत आणि कोणा तिसऱ्याच्या लबाडीने पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याला संरक्षण दिले. पण फसवणुकीला भुलून ज्याने स्वतः पिन टाकला, तो यात बसत नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४पासून अशा भुलवून पाठवायला लावलेल्या पैशांचीही भरपाई ८५,००० पौंडांपर्यंत द्यावी लागते, आणि तिचा निम्मा भार पैसे घेणाऱ्या खात्याच्या बँकेवर असतो. तिथला नियम जसाच्या तसा इथे आणावा असे नाही. आपल्याकडच्या व्यवहारांची संख्या पाहता तो पेलेलच याची खात्री देता येत नाही. त्यातले तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे: खाते उघडून देणाऱ्या बँकेला त्या खात्यातून होणाऱ्या चोरीची झळ बसली पाहिजे. चोरीचा पैसा फिरवण्यासाठी भाड्याने दिलेली खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाची प्रणाली तयार केली आहे. ती वापरण्याची निकड बँकांना तेव्हाच वाटेल, जेव्हा न वापरण्याची किंमत त्यांना मोजावी लागेल. आज ती किंमत पैसे गमावलेला माणूस आणि खाते गोठलेला विक्रेता हे दोघे मिळून मोजतात.

हे बदल होईपर्यंत विक्रेत्याने स्वतःची सोय करून ठेवावी. पगाराचे आणि हप्त्यांचे खाते विक्रीसाठी देऊ नये. थोड्या शिलकीचे वेगळे बचत खाते असावे, त्याचाच क्रमांक गिऱ्हाइकाला द्यावा. होल्ड लागलाच तर घर चालत राहते. जाहिरात, फोनवरचे संदेश, वस्तूचे मूळ बिल, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक हे सारे निदान वर्षभर जपावे. खाते गोठलेच तर हे कागद घेऊन आधी बँकेत लेखी अर्ज द्यावा, तपास अधिकाऱ्याला ईमेल करावा, आणि गरज पडली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे रक्कम मोकळी करण्याचा अर्ज करावा. हाती कागद असतील तर हा अर्ज भक्कम होतो. नुसत्या तोंडी खुलाशावर फारसे काही होत नाही.

गाडी असेल तर पैसे आल्याने व्यवहार संपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०नुसार त्याच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आरसीवर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये एका अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात स्पष्ट केले. पूर्ण पैसे मिळालेल्या, पण नावावरून न उतरलेल्या गाडीने पुढे कोणाला धडक दिली, तर नोटीस तुमच्याच दारात येते. हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून एजंटच्या हाती देऊ नयेत. त्यांत खरेदीदाराचे नाव तुमच्यासमोर भरलेले असावे, आणि ते नाव आदल्या दिवशी एक रुपया ज्या नावाने आला त्याच्याशी जुळावे.

आणि वस्तू कोणतीही असो, पावती दोन प्रतींत लिहावी. त्यात वस्तूचे वर्णन आणि तिचा अनुक्रमांक, ठरलेली रक्कम, ती कोणत्या नावाच्या खात्यातून कोणत्या संदर्भ क्रमांकाने आली, वस्तू हातात दिल्याची तारीख आणि वेळ, गाडी असेल तर मीटरवरचे किलोमीटर हे सारे यावे. खाली खरेदीदाराने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहावी: ‘वरील रक्कम माझ्या स्वतःच्या खात्यातून दिली आहे.’ जो माणूस ही ओळ लिहायला नकार देतो, त्याला वस्तू देऊ नये. आलेली रक्कम ज्या खात्यातून आली तिथेच बँकेमार्फत परत जाऊ द्यावी.